दीड महिन्याचं पिल्लू दिवाणाखालून बाहेर येत नाही, जुलाबही होतायत. सुरुवात कुठून करू?

गॅलरीतला_पाऊस

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून लिहितोय, घर दुसऱ्या मजल्यावर आहे. काल संध्याकाळी गडहिंग्लजहून मांजराचं पिल्लू आणलं. तीनरंगी आहे, पांढऱ्यावर काळे-पिवळे ठिपके. ज्यांच्याकडून घेतलं ते दीड महिन्याचं म्हणतात. किचनच्या काट्यावर ६४० ग्रॅम भरलं. एसटीत पुठ्ठ्याच्या खोक्यातून आणलं, वाटभर ओरडत होतं. घरात सोडलं तसं हॉलमधल्या दिवाणाखाली शिरलं ते अजून तिथंच आहे. रात्री आज्जीनं वाटीत म्हशीचं दूध ठेवलं, ते सगळं संपवलं. सकाळी दिवाणाखाली दोन ठिकाणी पातळ शी. अंगावर पिसवाही दिसतायत.

ओढून बाहेर काढू का? शी-शूला कसं शिकवायचं, वाळू चालेल की विकतची कॅट लिटरच पाहिजे? खायला काय द्यायचं? पिसवांसाठी अंघोळ घातली तर चालेल का? इंजेक्शन कधी? घरात सहा वर्षांची मुलगी आहे, तिला धीर निघत नाही. आणि पिल्लू रात्रभर ओरडलं, शेजारचे वर यायच्या आत यावर काहीतरी सांगा.

रंकाळ्याची_मनी

ओढून काढू नका, झाडूनं तर अजिबात ढोसू नका. दिवाणाखाली बसणं हा आजार नाही. आई, भावंडं आणि ओळखीचा वास एका दिवसात गेला की पिल्लू अंधारी, खालची, तिन्ही बाजूंनी बंद जागा शोधतं. तिथून ओढलं की त्याच्या डोक्यात एकच बसतं, माणसाचा हात म्हणजे संकट. दोन दिवसांचं काम मग दोन आठवड्यांवर जातं.

चूक दिवाणाची नाही, हॉलची आहे. एवढ्या जिवाला पहिले आठ-दहा दिवस एकच छोटी खोली पाहिजे, जिचं दार दिवसभर बंद राहू शकेल. टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, चपलांची ये-जा यातलं काही तिथं नको. बाथरूम देऊ नका, जुलैत फरशी ओली आणि गार असते, शिवाय फिनाइल. झोपायची खोली चालेल, पण आधी कपाटामागच्या आणि पलंगाखालच्या फटी जुन्या गोधड्या कोंबून बंद करा. ज्या फटीत तुमचा हात जात नाही, तिथं हे पिल्लू आरामात जातं.

खोलीत न्यायचं असं. हॉलची बाकीची दारं लावा. एक खोकं आडवं करून त्याला वीतभर भोक ठेवा, आत जुनी सुती साडी घाला आणि खोकं दिवाणाच्या कडेला लावा. तोंडाशी कोमट केलेलं थोडं खाणं ठेवा, गरम झाल्यावर वास लांब जातो. दिवा मालवा आणि तुम्ही बाहेर जा. भूक लागली की ते खोक्यात येईल. मग भोकावर टॉवेल टाकून खोकंच उचलायचं, पिल्लू नाही.

नव्या खोलीत तेच खोकं त्याचं घर म्हणून राहू द्या, धुवू नका, त्याला आता त्याचाच वास लागलेला असतो. खाणं एका कोपऱ्यात, शीचा ट्रे समोरच्या कोपऱ्यात, मध्ये निदान सहा फूट अंतर. जेवायच्या शेजारी संडास मांजराला चालत नाही. पाणी खाण्यापासून थोडं बाजूला, उथळ आणि जड भांड्यात. स्टीलची हलकी वाटी पालथी होते.

उबेचं विसरू नका. या वजनाचं पिल्लू पावसाळी हवेत लवकर गारठतं आणि गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. लिटरच्या बाटलीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी भरून ती दोन पदरी कापडात गुंडाळा आणि खोक्यात एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त वाटलं तर पिल्लाला सरकता येतं. तीन-चार तासांनी पाणी बदला. बाटली गार झाली की तीच पिल्लाच्या अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून गार बाटली आत ठेवण्यापेक्षा काढून टाकलेली बरी.

मुलीला एक काम द्या. दिवसातून चार-पाच वेळा दहा मिनिटं खोलीत जमिनीवर बसायचं, पिल्लाकडे न बघता, आणि गोष्टीचं पुस्तक हळू आवाजात वाचायचं. अट एकच, हात पुढं करायचा नाही, पिल्लूच जवळ येईल. जवळ आलं की एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर धरायचं. वास घेऊन त्यानं गाल घासला तर हनुवटीखाली खाजवायचं. डोक्यावरून हात नेला तर ते दबतं, कारण वरून येणारी वस्तू त्याला घारीसारखी. एकटक बघणंही मांजराच्या भाषेत धमकी आहे, डोळे हळू मिटून उघडायचे. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. मानेचं कातडं धरून नाही.

रात्री ओरडतंय ते आईसाठी. ज्यांच्याकडून आणलंत त्यांच्याकडे निरोप देऊन आईच्या अंथरुणातलं एखादं फडकं मिळालं तर मागवा, त्याचा फार उपयोग होतो. शिवाय झोपायच्या आधी क्रम ठरवा, दहा मिनिटं दोरीशी खेळ, मग दिवसातलं शेवटचं खाणं, मग दिवा बंद. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा मांजराचा क्रमच आहे. ओरडलं की उठून उचलून घेतलं तर मात्र ते तेवढंच शिकेल. ऊब आणि खाणं मिळतंय एवढी खात्री करून पडून राहा, साधारण तीन-चार रात्रींत कमी होतं.

दुसऱ्या खोल्या कधी उघडायच्या? ते तुमच्यासमोर खायला लागलं, ट्रे न चुकता वापरायला लागलं आणि शेपूट उभी करून चालायला लागलं की. तेही एका वेळी एकच खोली, आणि ट्रे आहे तिथंच.

गंगावेस_भाटीवाला

भावा, पहिलं ते दूध बंद कर. तुझ्या जुलाबाचं कारण बहुतेक तिथंच आहे.

गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पैलवानानं प्यावं, मांजराच्या पिल्लानं नव्हे. आईचं दूध सुटत जातं तसं पिल्लाच्या आतड्यातलं दुधाची साखर पचवणारं पाचकद्रव्य कमी होत जातं. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते, शी पातळ होते. त्यात म्हशीच्या दुधाला साय दाट, स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दीडपट-दुप्पट, म्हणजे पोटावर आणखी भार. पाणी घालून पातळ केलं तरी साखर तीच राहते. आज्जी म्हणतील आमच्या वेळी मांजरं दुधावरच वाढली. त्या मांजरांना जोडीला उंदीर मिळत होते, ते आज्जी सांगत नाहीत.

आता खाणं. पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य, म्हणजे पाकिटावर 'किटन' लिहिलेलं, मोठ्या मांजराचं नाही आणि कुत्र्याचं तर मुळीच नाही. कुत्र्याच्या खाद्यात टॉरिन हे अमिनो आम्ल घालतीलच असं नाही. मांजराला टॉरिन आयतं अन्नातूनच लागतं, ते कमी पडलं की पुढं डोळ्याचा पडदा आणि हृदय बिघडतं. या वयात किलोला दिवसाला साधारण २०० कॅलरी धर. तुझं ६४० ग्रॅमचं म्हणजे १३० च्या आसपास. कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला ३८० ते ४०० कॅलरी असतात, तेव्हा दिवसाला ३२ ते ३५ ग्रॅम. त्याचे पाच भाग कर, सकाळी सहा ते रात्री अकरा. चमच्यानं मोजू नकोस, काट्यावर एकदा मोजून मग वाटीवर खूण कर. या वयाला दाणे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून दे. भिजवलेलं खाणं अर्ध्या-पाऊण तासाच्या वर ठेवायचं नाही, आपल्या दमट हवेत लगेच आंबतं आणि मुंग्या लागतात. ताटलीत पाणी घालून तिच्यात खाण्याची वाटी ठेवली की मुंग्यांचा प्रश्न मिटतो.

आधीच्या घरी काय खात होतं ते विचारून घे. नवं खाद्य एकदम सुरू केलं की पुन्हा जुलाब. पहिले दोन दिवस पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण, आठवड्याभरात पूर्ण. आधी नुसत्या दूध-भाकरीवरच असेल तर जुनं काही राखण्यासारखं नाही. दोन दिवस उकडलेलं चिकन बारीक कुस्करून त्यात थोडे भिजवलेले दाणे, आणि तिथून वाढवत न्यायचं.

चिकन नुसतं पाण्यात उकडायचं. मीठ नाही, हळद नाही, आणि आपला कांदा-लसूण मसाला तर घरात पिल्लू आहे तोवर त्याच्या वासालाही लागू देऊ नको. कांदा आणि लसूण, कच्चे, शिजवलेले किंवा वाळवून कुटलेले, मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. वाळवलेलं जास्त वाईट, कारण चिमटीत भरपूर मावतं. त्रास लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात आणि लघवी लालसर होते. म्हणून रविवारी पांढऱ्या रश्श्यातला तुकडा धुवून दिला तरी नाही चालत, रस आत मुरलेला असतो. शिजवलेलं हाडूक नाही, ते टोकदार फुटतं. सुकटीत मीठ फार.

आणि नुसत्या चिकनवर महिनोन्महिने ठेवणारे खूप आहेत. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळपास नाही, मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. चार महिन्यांचं पिल्लू सोफ्यावरून उडी मारून पाय मोडून घेतं ते यामुळं. चिकन वरखर्च म्हणून, एकूण खाण्याच्या दहावा भाग.

रोज एकाच वेळी वजन कर. दिवसाला १० ते १५ ग्रॅम, आठवड्याला १०० च्या आसपास वाढलं पाहिजे. दोन दिवस वजन जागचं हललं नाही किंवा उतरलं तर वाट बघायची नाही.

दवाखाना_लाइन

वरच्या दोघांशी सहमत, पण क्रम बदला. पातळ शी आणि पिसवा एकत्र असलेलं ६४० ग्रॅमचं पिल्लू आधी पशुवैद्यकाला दाखवायचं, बाकी सगळं नंतर. दूध बंद करून २४ तासांत शी घट्ट व्हायला लागली तर ठीक, तरी दोन-तीन दिवसांत एकदा न्याच. शीत रक्त, उलटी, खाणं बंद किंवा मरगळ यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी. या वयाच्या पिल्लाच्या पोटात बारा तास काही गेलं नाही तर रक्तातली साखर उतरते. हिरडीला बोट लावून बघा, ओली-गुलाबी असेल तर बरं. चिकट लागली तर अंगातलं पाणी गेलंय. पांढरट असेल तर पिसवांनी रक्त ओढलंय, किंवा पोटात जंत आहेत, बऱ्याचदा दोन्ही.

अंघोळ आठवडाभर नको. ओलं पिल्लू गारठतं आणि भेदरतं, एकाच वेळी दोन्ही. पिसवांना बारीक दातांची फणी, उवांची स्टीलची चालते. बाजूला साबणाच्या पाण्याचा वाडगा ठेवा. आधी मानेभोवती फिरवा, नाहीतर पिसवा तोंडाकडे पळतात, मग पाठ, शेपटीचं मूळ, पोट. प्रत्येक ओढीनंतर फणी वाडग्यात बुडवा. फणीत काळे कण येतील, ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. तांबडा डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. रोज एकदा, पाच मिनिटं. अंथरूण रोज बदलून गरम पाण्यात धुवा, पिसवांची अंडी आणि अळ्या पिल्लाच्या अंगावर कमी, अंथरुणात आणि फरशीच्या सांध्यांत जास्त असतात.

मानेवर टाकायचे थेंब वय आणि वजन बघून डॉक्टरांनीच द्यायचे. कुत्र्याचे थेंब, पावडर, पट्टा यातलं काहीही लावू नका. त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्रा ते पचवतो, मांजराला झटके येतात आणि मरतंही. दुकानदार 'थोडं लावा, चालतंय' म्हणतो तिथं सगळा घोळ होतो.

जंतांचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. पायरँटेल या जंतांच्या औषधाचा डोस किलोला ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या पिल्लाला फार तर ५-६ मिलिग्रॅम. माणसांच्या सिरपमध्ये एका मिलिलिटरमध्येच ५० मिलिग्रॅम असतं. अंदाजानं अर्धा चमचा पाजला तर वीसपट होतं, म्हणून मेडिकलमधून आणून स्वतः पाजू नका. शीच्या जागेभोवती तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले दिसले तर तो पिसवांतून येणारा पट्टकृमी. त्याला पायरँटेल लागू पडत नाही, प्रॅझिक्वांटेल लागतं, डॉक्टरांना तसं मुद्दाम सांगा.

लसीचं वेळापत्रक: आठव्या-नवव्या आठवड्यात तीन रोगांची एकत्र लस, तिला दवाखान्यात ट्रायकॅट म्हणतात. तीन-चार आठवड्यांनी दुसरी, सोळाव्या आठवड्याच्या सुमारास तिसरी. रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर, मग वर्षानं. जुलाब चालू असताना लस टोचत नाहीत, म्हणून पोट आधी. तिन्हींतला घातक रोग पॅनल्युकोपेनिया. त्याचा विषाणू घरात वर्षभर टिकतो आणि फिनाइलला दाद देत नाही. गेल्या वर्षात तुमच्या घरी एखादं पिल्लू उलट्या-जुलाबानं गेलं असेल तर आत्ताच सांगा. फरशी आधी साबणानं पुसून, मग एक भाग ब्लीचला ३२ भाग पाणी घेऊन दहा मिनिटं ओली ठेवावी लागेल, त्या वेळी पिल्लू दुसऱ्या खोलीत.

घरातल्या तीन वस्तू आजच उचला. तापाची पॅरासिटामोल, मोठ्या मांजरालाही एक गोळी जीवघेणी. काळं फिनाइल आणि पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकं, पिल्लू पंजे चाटतं आणि ते पोटात जातं. कपड्यांतल्या डांबरगोळ्या. मांजराच्या यकृताला ही रसायनं मोडून बाहेर टाकता येत नाहीत, म्हणून आपल्याला किरकोळ वाटणारा डोस तिथं पुरतो. उंदीर मारायचा केक कुठं ठेवला असेल तर तोही.

मुलीला ओरखडा किंवा चावा आला तर ताबडतोब वाहत्या पाण्यात साबण लावून १५ मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही नाही, आणि त्याच दिवशी सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जायचं. पिल्लू लहान आहे, घरचंच आहे, हा हिशोब रेबीजला लागू नाही. त्याची लस अजून झालेलीच नाही.

गॅलरीतला_पाऊस

सगळ्यांचे आभार. दूध बंद केलं, आज्जी नाराज आहेत. पिल्लू खोक्यात आलं, आता आतल्या खोलीत आहे. हिरड्या फिक्कट गुलाबी आहेत, चिकट नाहीत. ट्रेमध्ये काय भरायचं ते कुणीच सांगितलं नाही. शेजारी बांधकाम चालू आहे, वाळूचा ढीग पडलाय, त्यातली घेऊ का?

उत्तरेश्वर_१९

ढिगातली वाळू नको. गल्लीतली सगळी मांजरं तिथंच जातात, जंतांची अंडी आणि वर सांगितलेला पॅनल्युकोपेनिया दोन्ही त्यातून घरात येतील. वाळूच वापरायची असेल तर धुवून, चाळून, कढईत चांगली भाजून गार झाल्यावर. पावसाळ्यात उन्हाच्या भरवशावर राहू नका.

भांडं म्हणजे बांधकामाचं प्लॅस्टिकचं घमेलं घ्या, एका बाजूनं कड सात सेंटिमीटरवर कापा आणि कापलेल्या धारेवर चिकटपट्टी लावा. पूर्ण उंचीची कड एवढ्या पिल्लाला चढता येत नाही, मग ते बाहेरच बसतं आणि लोक म्हणतात शिकत नाही. आत तीन-चार सेंटिमीटर थर पुरे. त्याहून जास्त भरलं तर पाय रुततात.

कॅट लिटर आणणार असाल तर ओल लागताच गोळा होणारी बेंटोनाइटची तीन महिने तरी नको. या वयाची पिल्लं ती खातात, आणि पाणी लागल्यावर ती जशी ट्रेमध्ये गोळा होते तशीच आतड्यात होते. लाकडी गोळ्यांची किंवा कागदाची आणा. नाहीतर सुताराकडचा रंध्याचा भुसा फुकट मिळतो. करवतीचा बारीक भुसा मात्र नको, नाकाडोळ्यांत जातो. प्लायवुडचा तर नकोच, त्यात गोंद असतो.

शिकवायचं फार नसतं, माती उकरून झाकायची खोड उपजत आहे. झोपेतून उठल्यावर आणि खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ट्रेमध्ये ठेवा. दिवाणाखालची शी कागदानं उचलून थोडी ट्रेच्या कोपऱ्यात टाका, वासावरून कळतं. चुकून बाहेर केलं तर नाक घासायचं नाही, ओरडायचं नाही. त्याला एवढंच कळतं की माणसासमोर करायचं नाही, मग ते कपाटामागं जातं. ती जागा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसा. अमोनियाच्या वासाचं क्लीनर वापरलं तर पिल्लाला तो मुताचा वास वाटतो आणि ते पुन्हा तिथंच जातं.

दिवसातून दोनदा साफ करायचं. टॉक्सोप्लाझ्मा या पोटातल्या बाळाला बाधणाऱ्या परजीवीची अंडी शीतून पडल्यावर संसर्ग करण्याइतकी तयार व्हायला एक ते पाच दिवस घेतात, म्हणून रोज काढलेल्या ट्रेचा धोका फार कमी. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं हे काम करायचं नाही.

गंगावेस_भाटीवाला

वाळूवर माझा आक्षेप आहे. भाजलेली असली तरी पायाला चिकटून घरभर येते आणि ओली झाली की दुसऱ्या दिवशी वास मारते. एवढी उठाठेव करण्यापेक्षा वर्तमानपत्राच्या पट्ट्या बऱ्या. जुलाब चालू आहेत तोवर तर नुसता कागदच ठेव, शीचा रंग आणि पातळपणा नीट दिसतो, भुशात काही कळत नाही.

उत्तरेश्वर_१९

जुलाबापुरतं मान्य. एरवी कागदावर त्याला उकरता येत नाही, आणि कागदाची सवय लागली की खाली पडलेला पुढारी पेपरही त्याला संडासच.

राजारामपुरी_बारावी_गल्ली

दुसरा मजला म्हणालात आणि नावात गॅलरी आहे, म्हणून लिहितोय. खोलीबाहेर सोडायच्या आधी गॅलरीला आणि खिडक्यांना जाळी. ग्रीलच्या दोन गजांत चार-पाच सेंटिमीटर फट असली तरी डोकं जातं, आणि डोकं गेलं की अंग जातं. मच्छरदाणीची फायबरची जाळी पंजानं फाटते. लोखंडी वेल्डेड जाळी, अर्ध्या किंवा पाऊण इंची चौकोनाची, गजांना आतून तारेनं बांधा. तारेची टोकं बाहेरच्या बाजूला वळवायची. मांजर पडलं तरी पायावर पडतं म्हणतात. पायावर पडतं हे खरं, पण दुसऱ्या मजल्यावरून जबडा आणि छाती फरशीवर आपटतेच.

दोरा. शिवणयंत्राखालचा सुईदोरा, केसांचे रबर, गजऱ्याचा दोरा, गणपतीच्या मखराच्या चमकीच्या झुरमुळ्या. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, दोरा तोंडात गेला की थुंकता येत नाही, गिळतच जावं लागतं. एक टोक जिभेखाली अडकलं आणि दुसरं पुढं सरकत राहिलं की आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडून कापलं जातं. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नका, कापू नका, तसाच दवाखान्यात न्या. दोरीशी खेळ म्हटलं आहे तो तुमच्या हातातला, खेळ झाला की दोरी कपाटात. आणि बोटांशी खेळवू नका. आज गुदगुल्या होतात, सहा महिन्यांनी रक्त निघतं, आणि तेव्हा मार खाते ती मांजर.

नखांसाठी लाकडाच्या खांबाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा, किंवा ओंडक्यावर गोणपाट ठोका. खाली जड पाट हवा. खांब डुलला की पुन्हा त्याला हात लावत नाही आणि सोफ्याकडे वळते.

मंगळवार पेठेत राहता, तेव्हा गणपतीचं आत्ताच ठरवा. पिल्लू तेव्हा तीन-चार महिन्यांचं असेल. डॉल्बी सुरू व्हायच्या आधी आतल्या खोलीत, खिडकी बंद, गोधड्या टाकलेलं तेच खोकं, ट्रे आणि पाणी आत, दाराला बाहेरून कडी आणि कडीवर चिठ्ठी. गौरीला माणसांची ये-जा असते, पाहुणे दार उघडं टाकतात आणि घाबरलेलं पिल्लू जिन्यानं खाली जाऊन एखाद्या दुचाकीच्या इंजिनापाशी बसतं.

रंकाळ्याची_मनी

एक राहिलं. पांढरं, काळं, पिवळं तिन्ही रंग असतील तर ती जवळपास नक्की भाटी, म्हणजे मादी. काळा आणि पिवळा हे दोन्ही रंग एक्स गुणसूत्रावरून ठरतात, दोन्ही एकदम अंगावर यायला दोन एक्स लागतात. म्हणजे नसबंदीची तारीख आत्ताच डोक्यात ठेवा, पाचव्या महिन्याच्या आत-बाहेर, शेवटची लस झाल्यावर. चौथ्या-पाचव्या महिन्यातच ती माजावर येऊ शकते आणि पोटुशी राहिली तर नऊ आठवड्यांत चार पिल्लं. एकदा व्याली की तब्येत सुधारते हे खरं नाही.

पावसाळ्यात कानाच्या कडेला, डोळ्याच्या वर गोल टक्कल पडून कोंडा दिसला तर तो नायटा. माणसाला लागतो, लहान मुलांना लवकर. घरातलं मलम चोपडू नका, ती चाटते. डोळ्यांत चिपाडं आली तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून आतून बाहेर पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. शिंका आणि चिपाडं एकत्र आली तर डॉक्टर.

गॅलरीतला_पाऊस

उद्या सकाळी दवाखान्यात नेतोय. संध्याकाळपर्यंत एकदाच शी झाली, थोडी घट्ट. दुचाकीवरून न्यायचं तर कसं?

दवाखाना_लाइन

दुचाकीवर पिशवीत किंवा मांडीवर नाही, रिक्षा करा. झाकणाची प्लॅस्टिकची टोपली घ्या, भाजीवाल्यांकडे असते तशी, झाकण दोन बाजूंनी सुतळीनं बांधा. आत तिच्याच अंथरुणाचा तुकडा. वरून फडकं टाकून तीन बाजू झाका, एक बाजू हवेला उघडी. टोपली रिक्षात तुमच्या पायांमध्ये खाली ठेवा, सीटवर ब्रेक लागला की घसरते. निघायच्या दोन तास आधी थोडंसंच खायला द्या, पूर्ण उपाशी नेऊ नका. दवाखान्यात टोपली फरशीवर ठेवायची नाही, आजारी जनावरं तिथूनच गेलेली असतात. मांडीवर धरा, कुत्र्यांच्या रांगेपासून लांब.

आणि सकाळची ताजी शी नखाएवढी, स्वच्छ कोरड्या डबीत घालून न्या. चार-पाच तासांच्या आतली पाहिजे, तोवर सावलीत ठेवा. जंत आणि जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) दोन्ही त्यात बघता येतात. सोबत चिठ्ठीवर लिहा: वजन, कालपासून काय-काय खाल्लं, किती वेळा शी झाली, आणि म्हशीचं दूध दिलं होतं हेही.